सुपडूनानाचं पांढरं

सुपडूनाना परीट माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच बघत नसे. समोर मोठा साहेब येवो की कोंबड्या विकणारा, नानाची नजर पहिल्यांदा जाई गळपट्टीवर. तिथून बाहीच्या काठावर, मग धोतराच्या सोग्यावर, आणि उरलीच सवड तर तोंडावर. तोवर तुमचं सगळं त्याला कळलेलं असे. "काल खांडबाराना बाजारले गयथा ना? तांबडी माती शे सोगाले." आणि खरंच आपण गेलेले असू. घरी मात्र सांगितलेलं असायचं की विहिरीवर होतो. "तोंड खोटं बोलस, गळपट्टी खोटं बोलस नई," असं तो म्हणायचा. त्यामुळे गावातले निम्मे लोक त्याच्यासमोर उपरणं गळ्याभोवती घट्ट गुंडाळून बसत.

ही गोष्ट आपला नंदुरबारचा भाग धुळे जिल्ह्यात होता तेव्हाची. आमचं गाव नंदुरबार शहराच्या उगवतीला दीड कोसावर. नाना राहायचा शहरात, नदीकाठच्या परीटवाड्यात. शहरातले वकील, पेढीवाले आणि स्टेशनातले बाबू यांचे कपडे तो धुवायचा आणि आमच्या गावचं काम वडिलांपासून चालत आलं म्हणून तेही करायचा. आठवड्यातून दोनदा गाढव घेऊन यायचा. गाढवावर गाठोडी, गाढवामागे नाना, आणि दोघांच्या तोंडावर सारखाच राग. मी तीस वर्षांचा बाप्या, तीस एकर जमिनीचा धनी, गावात माझ्या शब्दाला किंमत. पण नाना मला अरेतुरेच करायचा. कारण विचारलं तर चारचौघांत म्हणायचा, "तुन्हा लंगोट धुयेल शेतस मी. लंगोट धोवावर अहोजाहो व्हस नई." यावर माणसाने काय बोलावं?

पांढऱ्या रंगाचं त्याला वेड होतं. "पांढरं दोनच शे जगमा. एक बगळा, दुसरं मी धुयेल धोतर. आन बगळा बी पोटखाले जरा मयेल ऱ्हास." कपडे तो आधी भट्टीला लावी, मग नदीवर आपटी, मग नीळ देई. आणि लग्नाकार्याचं मोठं कापड असेल तर एक रात्र नदीकाठच्या हिरवळीवर दवात पसरून ठेवी. दवाने पांढरं खुलतं हे त्याचं म्हणणं होतं, आणि खुलायचंही. सकाळी ऊन लागलं की ते धोतर बघवत नसे, डोळे दिपायचे.

आता आमची बाजू सांगतो. पौष संपला की कापसाची शेवटची वेचणी होते आणि वावरात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या राहतात. कापसाची वाळलेली झाडं, दुसरं काही नाही. पूर्वी बायका त्या चुलीला न्यायच्या, कुणी कुडाला वापरायचे आणि उरलेल्या थोड्या जाळून टाकायचो. मग विहिरींवर तेलाची इंजिनं आली, पाणी वाढलं, कापूस वाढला, ऊस आला. पऱ्हाट्या आणि उसाचं पाचट इतकं व्हायला लागलं की गावच्या चुली त्या वर्षभरात संपवू शकल्या नसत्या. मग ढीग करायचे आणि पेटवायचे. आणि पेटवायचे ते सांजेलाच, कारण सांजेला वारा पडतो, ठिणगी शेजाऱ्याच्या कुंपणावर जात नाही. बापजाद्यांची रीत. त्यात कुणाचं काय वाईट होतं, हे आमच्या डोक्यात कधी आलंच नाही.

वाईट शहराचं होत होतं. माघातल्या सकाळी मी दूध घेऊन शहराकडे निघायचो तर शहरच दिसायचं नाही. कापसाची सरकी काढायच्या जिनाच्या चिमणीचं टोक तेवढं वर, बाकी सगळं राखेच्या दुलईखाली. स्टेशनावरचा माणूस दिवस उगवल्यावरही कंदील घेऊन उभा असायचा. शहरातले लोक म्हणायचे, धुई पडली, तापीकडून धुकं आलं. एक मास्तर तर कानटोपी घालून त्या धुक्यात मुद्दाम फिरायला जायचे आणि पूल आला की थांबून दीर्घ श्वास घ्यायचे. थंड हवा छातीला चांगली म्हणे. मग आठ दिवस खोकत वर्गात बसायचे आणि पुन्हा बरं वाटलं की पुन्हा श्वास घ्यायला पुलावर.

नानाने एकदा त्यांना पुलावरच अडवलं. "मास्तर, धुई कपडा भिजाडस. कपडा काया करस नई. तुम्हनी कानटोपी आते कोन्या रंगनी शे?"

"राखाडी."

"मी धोईसन दिधी तव्हय कोन्या रंगनी व्हती?"

मास्तरांनी टोपी काढून पाहिली आणि त्या दिवशी श्वास न घेताच घरी गेले.

पण नाना नुसतं बोलून थांबणारा नव्हता. त्याने चार जुनी धोतरं भट्टीला लावून बगळ्यासारखी केली आणि शहराच्या चार अंगांना चार बांबूंवर सांजेला टांगली. उगवत, मावळत, वर, खाली. सकाळी उतरवायची, बघायची, पुन्हा धुवायची, पुन्हा टांगायची. शहरभर बोभाटा झाला की परटाला लागीर झालं. कुणी म्हणालं नवस बोललाय. एका म्हातारीने तर उगवतीच्या बांबूला नारळ फोडला. नानाने नारळ खाल्ला आणि बांबू तिथेच ठेवला.

आठ दिवसांनी तो चारही धोतरं घेऊन माझ्या ओट्यावर आला. मी दाढी करवून घेत होतो. त्याने उगवतीचं धोतर माझ्या तोंडासमोर धरलं.

"नथ्थूभाऊ, हाई काय शे?"

"धोतर."

"कसानं?"

"कापूसनं."

"कापूस काया ऱ्हास का पांढरा?"

"पांढरा."

"मंग हाई कायं कसं व्हयनं?"

"तूच नीट धुयेल नसशी," मी म्हणालो.

न्हाव्याचा वस्तरा जागच्या जागी थांबला. नाना मटकन खाली बसला. माझ्या बोलण्याचा मला जरा पस्तावा झाला, पण बोललेलं मागे घेण्याची आमच्या घराण्यात चाल नाही. म्हणून मी आणखी पुढे गेलो. "स्टेशनवर रेल्वेनं इंजन शे, त्यान्हा धूर शे तो."

"इंजन बारा महिना चालस. मन्हं धोतर माघमाच कायं व्हस. इंजनले काय माघमाच खोकला येस?"

"मंग जिननी चिमणी."

"चिमणी मावळतले शे. हाई मावळतनं धोतर. देख."

मावळतीचं धोतर तितकं काळं नव्हतं. मी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मग मला एकदम आठवलं, आणि आठवल्याचा असा आनंद झाला की मी साबण लावलेल्या गालानेच उठून उभा राहिलो. "आन तुन्ही भट्टी? ती काय अगरबत्ती शे? तिले काड्या कोन्या लावस? मन्ह्याच पऱ्हाट्या ना?"

"मी मोळीभर पेटाडस," नाना शांतपणे म्हणाला. "तू वावरभर पेटाडस."

न्हावी हसला. मी त्याच्याकडे बघितलं, तसा तो थांबला आणि माझी उरलेली अर्धी दाढी गंभीर तोंडाने करू लागला.

नाना त्या दिवशी आणखी एक शिकवून गेला, मी मागितलं नव्हतं तरी. पऱ्हाटीची काजळी कापडावर तिळासारखी बसते. पाचटाची केसासारखी लांब. तुरीची काडी मधे असली तर तिला तिखट वास येतो. धोतर हुंगून तो सांगायचा, काल सांजेला कुणाचं वावर पेटलं. आणि जाता जाता म्हणाला, "दुपारले लावत जा रे. चाळीस वर्से भट्टीना धूर देखी ऱ्हायनू मी. दुपारले भुई तापस, धूर वर निंघी जास. सांजले थंडी धूरना डोकावर बठस, मंग तो गावमा मुक्कामले येस."

मी म्हणालो, दुपारी वारा असतो, कुंपणं जळतील. तो म्हणाला, कुंपणाला चार माणसं उभी कर. मी म्हणालो, आमच्या बापाने कधी दुपारी लावली नाही. तो म्हणाला, "तुन्हा बापना लंगोट मन्हा बापनी धुयेल शेतस." आणि गाढव हाकलत निघून गेला.

पुढच्याच साली माघात माझ्या धाकट्या बहिणीचं, कमळीचं लग्न ठरलं. वडील गेलेले, त्यामुळे सगळा भार माझ्यावर. नवरदेव तापीपलीकडचा, शहाद्याच्या अंगाचा. घर चांगलं, मुलगा चांगला. एकच अडचण होती, त्याची आई. केसरबाई. आमच्याकडे विहीण लग्नघरी येते तेव्हा दमणीतून, छपराच्या बैलगाडीतून, उतरताच तिच्या पायाखाली परटाने पांढऱ्या धोतरांच्या पायघड्या घालायच्या असतात. तिचा पाय भुईला लागता कामा नये. केसरबाईंच्या थोरल्या मुलाच्या लग्नात म्हणे पायघडी हातभर कमी पडली, तर बाई दमणीतच बसून राहिल्या आणि मुहूर्त टळला. मग चार महिने थांबून दुसरा मुहूर्त काढावा लागला. आमच्या कमळीचं तसं झालं असतं तर? मोडलं नसतं कदाचित, पण चार महिने सोयरेधायरे कुजबुजले असते की मुलीतच काही आहे, आणि कमळीने ते ऐकत चुलीपुढे बसायचं. ते मला नको होतं.

मी स्वतः शहरात नानाकडे गेलो. "नाना, पायघड्या अश्या पाहिजेत की केसरबाईंना बोलायला जागा नको."

"मन्ह्याकडथून जागा नई ऱ्हावाव," नाना म्हणाला. "कापड मी एक रात दवमा घालसू. पन त्या आठ दिन गावमा कोनी काडी लावानी नई. तू सांग."

मी कबूल झालो. गावात आलो आणि पारावर उभं राहून सांगितलं की लग्न होईपर्यंत कुणी पऱ्हाटी पेटवायची नाही. कुणी कुरकुर केली त्याच्याकडे मी असं बघितलं की त्याची कुरकुर आतच राहिली. सात दिवस गाव गप्प होतं. शेतांत ढीग उभे, काडी नाही.

आठव्या दिवशी, म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी, माझ्या ध्यानात आलं की वऱ्हाडाच्या वीस गाड्या उभ्या राहायच्या त्या घरामागच्या वावरात पऱ्हाट्यांचा भलामोठा ढीग तसाच आहे. बैल भांडी आणायला गेलेले. गडी मांडवात. सांज झाली. वारा पान हलवत नव्हता. मी मनाशी म्हटलं, एकच ढीग आहे, अर्ध्या घटकेत राख होईल, एका ढिगाने काय होतंय. आणि काडी लावली.

ढीग छान पेटला. पण आमच्या गावच्या लोकांची डोकी कशी चालतात ते मी विसरलो. पलीकडच्या वावरातून एकाने ज्वाळ पाहिली आणि ओरडला, "खुद्द नथ्थूभाऊनी लाई! मंग आपले कोन आडवस?" सात दिवस अडवलेलं पाणी फुटावं तसं झालं. डावीकडे पेटला, उजवीकडे पेटला, ओढ्यापलीकडे पेटला. मी धावत सुटलो, "अरे थांबा!" पण लोकांना वाटलं, मी शाबासकी द्यायला येतोय. त्यांनी हात हलवले. चाळीसएक ढीग पेटले त्या सांजेला. आणि धूर वर गेला नाहीच. जमिनीला धरून, गुरं घराकडे निघावीत तसा, सगळा शहराकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आला तो गाढवाच्या पुढे. हे मी कधी पाहिलं नव्हतं. पाठीवरचं गाठोडं त्याने माझ्या पुढ्यात सोडलं. पायघड्यांची सात धोतरं. दवाने ओली आणि काजळीने तिळतिळ भरलेली. कोरडी राख झटकली की जाते. दवात बसलेली काजळी घासावी तितकी पसरते. त्याने पहाटे एक घासून बघितलं होतं. ते म्हशीच्या पारड्यासारखं झालं होतं.

मला वाटलं, तो ओरडेल. तो ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "एक रात भट्टी लागी, एक दिन ऊन. आन वऱ्हाड सांजले येस."

"नाना, काहीतरी कर."

"मी परीट शे. देव नई."

दिवसभर मांडवात मी सगळ्यांवर ओरडलो, कारण स्वतःवर ओरडता येत नाही. सांजेला गोरज मुहूर्त. तापी उतरून आलेल्या गाड्या वेशीत शिरल्या, वाजंत्री लागली आणि केसरबाईंची दमणी मांडवासमोर थांबली. बाईंनी पडदा सारला, पाय बाहेर काढला, खाली बघितलं आणि पाय परत आत घेतला.

"पायघड्या कोठे शेत?"

नाना समोर उभा होता. खांद्यावर सात धोतरं, घडी घातलेली. "शेत माय. पन मी आथरस नई."

"कसाले?"

"नथ्थूभाऊले ईचार. तो सांगी."

वाजंत्री थांबली. सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. नवा कोरा फेटा बांधून मी तिथे उभा. आमच्या गावात माझ्याएवढा मोठा फेटा कुणी बांधत नसे, आणि हा तर लग्नासाठी खास आणलेला, सकाळपर्यंत पेटीत होता. मी घसा खाकरला.

"इहीनबाई, काय सांगू, रेल्वेना इंजनना धूर..."

केसरबाईंनी हात पुढे केला. नानाने एक धोतर त्यांच्या हातावर ठेवलं. बाईंनी ते नाकाशी नेलं.

"इवाई," त्या म्हणाल्या, "आम्हना घर बी कापूसच पिकस. हाऊ धूर पऱ्हाटीना शे. कोनी लाई?"

मी नानाकडे बघितलं. तो आभाळाकडे बघत होता. भटजी सूर्याकडे बघत होते. तो लिंबाच्या शेंड्याला टेकला होता. मांडवाच्या कुडाआडून कमळीच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. आयुष्यात मी कधी चूक कबूल केली नव्हती. केली नव्हती म्हणजे, तोपर्यंत चूक झालीच नव्हती असं माझं मत होतं.

"मी," मी म्हणालो. "मीच लाई."

"कितला ढीग?"

"एकच."

"आन मंग चाळीस आम्ही!" मागून कुणीतरी मोठ्या प्रामाणिकपणे ओरडलं.

वऱ्हाडात हसू फुटलं. पण केसरबाई हसल्या नाहीत. "ते काय बी व्हवो. पांढराशिवाय मी पाय खाले ठेवाव नई."

तेव्हा नाना बोलला. "माय, पांढरं आते गावमा एकच शे."

"कोठे?"

"नथ्थूभाऊना डोकावर."

माझे दोन्ही हात आपोआप फेट्यावर गेले. आमच्यात फेटा कुणाच्या पायाशी ठेवणं म्हणजे काय असतं, ते सांगायला नको. "नाना, तुले याड लागनं का?" मी म्हणालो.  नानाने फेट्याकडे अशी नजर लावली होती, जशी तो वकिलांच्या धोतराकडे लावायचा. भटजींनी घसा खाकरला. सूर्य लिंबात शिरला. तेवढ्यात आतून माझ्या आईचा आवाज आला, "नथ्थू, उतार रे! फेटा परत मिळी, येळ परत मिळाव नई!"

मी डोळे मिटले आणि फेट्याचं टोक सोडलं. नानाने ते पकडलं आणि ओढायला लागला, मला फिरावं लागलं, आणि मी भर मांडवासमोर भोवऱ्यासारखा गरगरलो. फेटा सुटला. तेव्हा गावाला पहिल्यांदा कळलं की माझ्या डोक्यावर कानांच्या वर काहीच नाही. लहान पोरं सोडा, माझा सख्खा चुलताही तोंडात उपरणं कोंबून हसत होता. केसरबाईंनी पाहिलं आणि त्यांचं तोंड हललं. "इवाई," त्या म्हणाल्या, "आधी टाळकं दखाडतात त पायघडीनी गरजच नव्हती!" आणि खळखळून हसल्या.

नानाने फेटा दमणीपासून मांडवापर्यंत ओढून ताणून अंथरला. लांबी पुरली, पण रुंदी वीतभर. बायकांनी केसरबाईंच्या पायांवर कुंकवाचं पाणी घातलं आणि बाई डोंबारणीसारखे दोन्ही हात पसरून, एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवत, फेट्यावरून चालत आल्या. एकदाही भुईला पाय लागू दिला नाही. भटजींनी घाईघाईने अंतरपाट धरला. लग्न मुहूर्तावर लागलं.

जेवणं झाल्यावर मी फेटा शोधायला लागलो. नानाने तो घडी घालून गाढवावर ठेवला होता.

"दे."

"कसाना दे? इहीन ज्या कापडवर चालस ते परीटनं. रीत शे."

रीत होती. त्यावर मी बोलू शकत नव्हतो, रीतीचं मीच सगळ्यात जास्त बोलायचो. "मंग कव्हय देशी?"

"जव्हय तुम्हनं गाव दुपारले पेटाडी, तव्हय."

मी सांगितलं, तुझा फेटा तुला लखलाभ. दुसरा आणला असता, पण आणला तर तो जिंकला असं झालं असतं. म्हणून मी वर्षभर उघड्या डोक्याने फिरलो. चैत्र-वैशाखाचं ऊन काय असतं ते तेव्हा कळलं. भुई तापली की काय वर जातं आणि काय वर जात नाही, यावर विचार करायला मला पुष्कळ दुपारी मिळाल्या. पुढच्या माघात मी गाव गोळा केलं. ढिगाभोवती कासराभर जमीन नांगरली, चार माणसं ओल्या पळसाच्या फांद्या घेऊन उभी केली आणि भर दुपारी काडी लावली. धूर सरळ वर गेला, उंच जाऊन विरला. पहिल्याच दिवशी वाऱ्याने माझं स्वतःचं कुंपण जळालं, तेही सांगायला हवं. नाना बघायला आला होता. म्हणाला, "कुंपण काय मन्ह्याकडे धोवाले येस नई."

फेटा मात्र त्याने दिला. पांढरा लख्ख. फक्त एका जागी केसरबाईंचं एक कुंकवाचं पाऊल तसंच होतं.

"हाई निंघनं नई का?"

"निंघस," नाना म्हणाला. "मी काढं नई."

मी तो बांधला. कसाही बांधला, उलटा बांधला, सुलटा बांधला, तरी विहिणीचं पाऊल बरोबर कपाळावरच यायचं. तो फेटा मी सात वर्षं वापरला.

सगळं शहर यामुळे पांढरं झालं असं नाही. आमचं एक गाव दुपारी लावायला लागलं, शेजारची दोन गावं आमची कुचेष्टा करत करत लागली. बाकीची सांजेलाच लावत राहिली. मास्तर पुन्हा पुलावर जायला लागले, पण आधी टोपी काढून बघायचे.

पुढे नाना थकला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, मुलं काम बघायला लागली. एका माघात निरोप आला म्हणून मी भेटायला गेलो. खाटेवर पडला होता. मी बसलो तसा त्याचा हात आधी माझ्या गळपट्टीवर आला, कापड दोन बोटांत चोळलं आणि मग म्हणाला, "नथ्थूभाऊ."

उशाशी एक घडी घातलेलं धोतर होतं. ते त्याने माझ्यापुढे केलं. "कालदिन दवमा घालेल व्हतं. पोऱ्या म्हनतस बगळा शे. तू सांग."

दोन्ही मुलं त्याच्या मागे उभी होती. दोघांनी मला डोळ्यांनी खुणा केल्या, हात जोडले. धोतर तिळतिळ काळं होतं. म्हाताऱ्याच्या छातीचा भाता घरघर वाजत होता. इंजिन माझ्या जिभेवर आलं होतं, खोटं नाही सांगत.

"नाना," मी म्हणालो, "कायं शे. बगळा नई."

मुलांनी कपाळावर हात मारला. नाना हसायला लागला, हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला. "माले वासवर मालूम शे."

"मंग माले ईचारं कसाले?"

"तू काय सांगस ते देखाले." मग त्याने धोतर माझ्या हातात कोंबलं. "कोनं वावर?"

मी हुंगलं. पऱ्हाटी होती, सांजेची होती, आणि मधे तुरीच्या काडीचा तिखट वास. आमच्या शिवारात कापसात तूर लावणारा एकच. "मन्हा पुतण्या," मी म्हणालो.

"मंग आठे काय बठेल शे?"

मी उठलो. चहा तसाच राहिला. दीड कोस तरातरा चालत जाऊन पुतण्याला बांधावर गाठलं आणि जे बोललो ते इथे लिहिण्याजोगं नाही. नाना चौथ्या दिवशी गेला. त्या चार दिवसांत उगवतीच्या एकाही वावरात सांजेला काडी लागली नाही, कारण चारही दिवस सांजेला मी काठी घेऊन बांधाबांधावर उभा होतो.